आधी क्रियापद ऐका

चिनी भाषेत ‘हो’ला आणि ‘नाही’ला सरसकट चालणारा शब्द नाही, असं पहिल्या तासाला सांगितलं की वर्गात हसू उठतं. मग एवढ्या मोठ्या देशाचा कारभार चालतो कसा, असं कोणीतरी विचारतंच. कारभार उत्तम चालतो. फक्त उत्तर देण्याची रीत वेगळी आहे, आणि गंमत म्हणजे ती रीत मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक असते.

मी पुण्यात संध्याकाळी चिनी शिकवते आणि अधूनमधून व्यापाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून क्वांगचौ, यीवू या बाजूला जाते. माझ्याकडे शिकायला येतात ती चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला निघालेली मुलं, कंपन्यांतले इंजिनिअर, आणि यंत्रं किंवा सुटे भाग मागवणारे भोसरी-चाकणकडचे छोटे कारखानदार. या सगळ्यांचं एक दुखणं सारखंच. ते इंग्रजी पुस्तकातून चिनी शिकतात आणि येताना इंग्रजीतलं ‘यस-नो’ बरोबर घेऊन येतात. थेट मराठीतून गेले तर निम्मी वाट आधीच चाललेली असते. वर्गात आणि बाजारात जे पुन्हा पुन्हा खरं ठरलं, ते इथं क्रमानं मांडते.

१. प्रश्नातलं क्रियापद उचला, तेच उत्तर

‘नी ह छा मा?’ म्हणजे ‘तू चहा पितोस का?’ नी म्हणजे तू, ह म्हणजे पिणं, छा म्हणजे चहा. आपला चहा तिकडूनच आला. शेवटचा ‘मा’ म्हणजे आपला ‘का’. प्यायचा असेल तर उत्तर ‘ह’. नसेल तर ‘पू ह’. संपलं. ‘मी’ म्हणायला नको, ‘चहा’ म्हणायला नको.

विद्यार्थ्यांना हे अवघड वाटतं तेव्हा मी त्यांना त्यांच्या घरात पाठवते. ‘जेवलास?’ ‘जेवलो.’ ‘पाणी आलं का?’ ‘आलं.’ ‘किल्ली घेतलीस?’ ‘घेतली.’ आपल्या घरात दिवसभर हेच चाललेलं असतं. ‘होय, मी किल्ली घेतली आहे’ असं फक्त व्याकरणाच्या पुस्तकातला मुलगा म्हणतो.

या रीतीची एक अट आहे. ‘हो’ हा शब्द प्रश्न न ऐकताही देता येतो. मोबाइलमध्ये डोकं घालून ‘हो हो’ म्हणणारी माणसं घरोघर आहेत. चिनीत ती सोय नाही. समोरच्यानं कोणतं क्रियापद वापरलं हे कानावर पडलंच नसेल, तर परत काय देणार? पुढचे सगळे धडे याच एका गोष्टीतून निघतात.

२. कान वाक्याच्या मध्यावर ठेवा

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपला कान शेवटाची वाट बघतो. चिनीत कर्त्यामागोमाग क्रियापद येतं आणि शेवटी कर्म नि ‘मा’ उरतात. नवशिक्या मराठी माणसाला म्हणूनच ‘छा’ नीट ऐकू येतं आणि ‘ह’ निसटतं. मग तो ‘छा, छा’ असं उत्तर देतो. चहा मिळतो, पण संभाषण तिथंच थांबतं.

दोन क्रियापदं असतील तर पहिलं धरायचं. ‘नी श्यांग छ्यू मा?’ म्हणजे ‘तुला जावंसं वाटतं का?’ इथं उत्तर ‘श्यांग’, म्हणजे ‘वाटतं’. ‘छ्यू’, म्हणजे ‘जातो’, असं म्हटलंत तर तुम्ही इच्छा नव्हे, बेत सांगितलात.

‘येतं का’, ‘जमेल का’ आणि ‘चालेल का’ यांचंही असंच. शिकून येणाऱ्या गोष्टीला ‘हुएइ’, परिस्थितीनं शक्य असण्याला ‘नंग’, परवानगीला ‘ख-ई’. गाडी चालवता येते का? ‘हुएइ.’ मग आत्ता चालवशील का? जेवताना दोन पेले झाले असतील तर ‘पू नंग’. गाडी येते, पण आज जमणार नाही. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची आणि दोन्ही खरी. परवानगी मागितली आणि ती नसेल, तर बोलण्यात बहुधा ‘पूशिंग’ ऐकू येतं, म्हणजे ‘चालणार नाही’. तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

३. ‘शर्’ म्हणजे ‘हो’ नव्हे

पुस्तकाच्या मागच्या शब्दकोशात ‘यस’समोर ‘शर्’ छापलेलं असतं आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. जीभ मागे वळवून म्हणायचा हा ‘शर्’ म्हणजे ‘आहे’. पण ‘अमुक हा तमुक आहे’ यातलाच ‘आहे’. ‘तुम्ही भारतीय आहात का?’ याला ‘शर्’ बरोबर. ‘तुम्ही भात खाता का?’ याला ‘शर्’ म्हणजे, ‘भात खाता का?’ या प्रश्नावर ‘मी आहे’ असं उत्तर.

नकाराला ‘पूशर्’. मराठी माणसाला हा शब्द समजावायला एक मिनिटही लागत नाही, कारण आपल्याकडे ‘नव्हे’ आहे. ‘हा तुमचा मुलगा?’ ‘नव्हे, पुतण्या.’ तिथं जो ‘नव्हे’, तोच ‘पूशर्’. इंग्रजीच्या एका ‘नो’मध्ये आपले नाही, नव्हे, नको आणि नये हे चौघं कोंबले जातात. चिनी शिकताना त्यांना पुन्हा मोकळं करायचं असतं.

४. ‘पू’ आणि ‘मेइ’ यांची सरमिसळ करू नका

हा धडा शाकाहाऱ्यांनी पाठ करून मगच विमानात बसावं. ‘पू छर् रोउ’ म्हणजे ‘मांस खात नाही’. ‘मेइ छर् रोउ’ म्हणजे ‘मांस खाल्लेलं नाही’. पहिलं वाक्य ऐकून यजमान ताट बदलतो. दुसरं ऐकून त्याला वाईट वाटतं आणि तो डुकराच्या मांसाची आणखी एक बशी मागवतो. बिचाऱ्याला अजून मिळालेलंच नाही ना!

‘पू’मध्ये सवय, इच्छा आणि निश्चय येतात: खात नाही, जाणार नाही, नको आहे. ‘मेइ’मध्ये न घडलेलं येतं: खाल्लं नाही, गेलो नाही. शिवाय ‘योउ’ म्हणजे जवळ असणं किंवा उपलब्ध असणं. त्याचा नकार नेहमी ‘मेइयोउ’ होतो. ‘पू योउ’ असं कोणी म्हणत नाही. सरकारी दुकानांच्या जमान्यात चीन फिरून आलेल्या परदेशी प्रवाशांच्या आठवणींत ‘मेइयोउ’ हा शब्द हटकून असतो. खोली? मेइयोउ. तिकीट? मेइयोउ. काउंटरवरची बाई मान वर न करता एवढंच म्हणायची.

आपल्या ‘नको’चेही तिकडे वेगवेगळे शब्द आहेत. ‘पूयाओ’ म्हणजे थेट ‘नको’. मागे लागलेल्या फेरीवाल्याला तो ठीक. घरी बोलावून जेवू घालणाऱ्या माणसाला मात्र ‘पूयोंग ल, श्येश्य’ म्हणावं, म्हणजे ‘राहू द्या, धन्यवाद’. आणि ‘असं करू नकोस’मधल्या ‘नकोस’ला आणखी निराळा शब्द आहे: ‘पिए’.

‘छर् ल मा?’ म्हणजे ‘जेवलास का?’ ही पेइचिंगच्या जुन्या गल्ल्यांमधली नमस्काराची रीत आहे, जशी आपल्या गावाकडे ‘जेवण झालं का?’ ही असते. उत्तर ‘छर् ल’ किंवा ‘हाइ मेइ न’, म्हणजे ‘अजून नाही’. झालेल्या गोष्टीचा तो ‘ल’ नकारात गळतो. ‘मेइ छर्’च्या मागे त्याला जोडत नाहीत.

५. ‘जातोस-नाही-जातोस’ हा रागाचा प्रश्न नव्हे

चिनीत विचारण्याची दुसरी पद्धत म्हणजे क्रियापद, नकार आणि पुन्हा तेच क्रियापद: ‘छ्यू पु छ्यू?’ म्हणजे ‘जातोस की नाही?’ मराठीत हे वाक्य कमरेवर हात ठेवून म्हटलं जातं. त्यामुळे आपली मुलं चिनी शिक्षिकेचा पहिला असा प्रश्न ऐकून दचकतात. चिनीत त्यात चिडचीड नसते. उलट हा सगळ्यांत निरपेक्ष प्रश्न आहे. चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी १९८१ साली लिहिलेल्या चिनी व्याकरणात हा भेद फार छान मांडला आहे. विचारणाऱ्याच्या मनात आधीच काही अंदाज असेल तर तो ‘मा’ लावून विचारतो; ‘छ्यू पु छ्यू’ला मनाची पाटी कोरी असावी लागते.

यालाही उत्तर क्रियापदानंच द्यायचं. ‘बरोबर’ म्हणून चालत नाही, कारण समोर दोन पर्याय ठेवले आहेत आणि तुम्ही निवडायचं आहे. शब्द दोन अक्षरांचा असेल तर बोलताना पहिलंच अक्षर दुमडतात. ‘शीह्वान’ म्हणजे आवडणं. प्रश्न होतो ‘शी पु शीह्वान?’ आणि उत्तर पुन्हा अख्खं: ‘शीह्वान’.

वैद्यकीय विद्यार्थ्यांकडून मी ‘थंग पु थंग?’ हे शंभरदा घोकून घेते: ‘दुखतं की नाही?’ पेशंट ‘थंग’ किंवा ‘पू थंग’ म्हणेल. यापलीकडे काही म्हणणार नाही. हे घोकवताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण निघतेच. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांनी भाषा शिकून घेतली, ‘ख तीहुआ’ हे चिनी नाव घेतलं, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले आणि १९४२ मध्ये तिथंच गेले. मुलं त्यांना शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ओळखतात. मी म्हणते, दुभाष्याशिवाय जखमी सैनिक तपासायचा म्हणजे आधी त्याचं ‘थंग’ आणि ‘पू थंग’ ओळखू यायला हवं.

६. उलट्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या

‘तू येणार नाहीस?’ असं चिनीत विचारलं आणि तुम्ही खरंच येणार नसाल, तर उत्तर ‘तुएइ, पू लाइ’. म्हणजे ‘बरोबर, येणार नाही’. येणार असाल तर ‘पू, वो लाइ’: ‘नाही, येतो’. विचारणाऱ्याचं म्हणणं खरं की खोटं, हे आधी सांगायचं. मग आपली गोष्ट. इंग्रजी नेमकं उलट चालतं.

कंपनीतल्या इंजिनिअरांना याचा फटका चाचणीच्या वेळी बसू शकतो. ‘हा भाग अजून तपासलेला नाही ना?’ असं चिनी सुपरवायझर विचारतो. आपला माणूस इंग्रजी सवयीनं ‘पू’ म्हणतो. त्याच्या मनात ‘नाही, तपासलेला नाही’ असतं. सुपरवायझरला ऐकू येतं ‘तुमचं चुकतंय, तपासला आहे’. भाग पुढच्या टेबलावर जातो. म्हणून मी सांगते, उलटा प्रश्न आला की एका शब्दावर थांबू नका. क्रियापदासकट पूर्ण बोला: ‘मेइ’ लावून तरी, किंवा न लावता तरी. मराठीतही शहाणी माणसं असल्या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणत नाहीत. ‘नाही आलेला अजून’ असं म्हणून मोकळी होतात.

७. ‘तुएइ’ एकदा की तीनदा, ते बघा

‘तुएइ’ म्हणजे ‘बरोबर’. ‘हो’च्या सगळ्यांत जवळ जाणारा हाच शब्द. समोरच्यानं काही अंदाज केला असेल तर तो चपखल बसतो. ‘तुम्ही भारतातून आलात पा?’ यातला ‘पा’ म्हणजे आपला ‘ना’. उत्तर: ‘तुएइ.’ पण एकटा ‘तुएइ’ कोरडा वाटतो, म्हणून बोलण्यात तो लगोलग तीनदा येतो: ‘तुएइ तुएइ तुएइ’. यात घाई नसते, आपुलकी असते.

मात्र फोनवर चिनी माणूस दर वाक्याला ‘तुएइ’ किंवा ‘अं’ म्हणत असेल तर तो तुमचा भाव मान्य करतोय असं समजू नका. तो फक्त ऐकतोय. आपल्याकडची ‘हं, हं’ तशीच असते. मान्य करायचं असेल तेव्हा तो ‘हाओ’ म्हणेल, किंवा ‘शिंग’ म्हणेल. ‘करूया का?’ या प्रकारच्या प्रश्नाला ही दोनच उत्तरं पक्की. आणि ‘शिंग शिंग शिंग’ असं घाईघाईत आलं, तर पुष्कळदा ‘बरं बाबा, पुरे आता’ असा त्याचा अर्थ असतो.

८. नकाराचा शब्द, होकाराचा अर्थ

‘मेइ त्सुओ’ म्हणजे शब्दशः ‘चूक नाही’. अर्थ: अगदी बरोबर. ‘पू त्सुओ’ म्हणजेही ‘चूक नव्हे’, पण अर्थ: छान आहे. आणि पेइचिंगकडचा ‘ख पूशर्’ तर शब्दांवरून साफ नकार दिसतो. प्रत्यक्षात तो जोरदार होकार असतो. ‘यंदा फारच उकडतंय.’ ‘ख पूशर्!’

युरोपियन विद्यार्थी इथं चक्रावतात. मराठी मुलांना मी एवढंच विचारते, ‘महागाई किती वाढलीय!’ यावर तुमची आत्या काय म्हणते? ‘नाही तर काय!’ त्या ‘नाही’त जेवढा नकार आहे तेवढाच ‘ख पूशर्’मध्ये आहे.

९. क्रियापद परत द्याल, तर सुरासकट द्या

इथं मराठीचा हात सुटतो, पण पूर्ण सुटत नाही. रोमन अक्षरांत ‘बी’ लिहिलेला चिनी ध्वनी आपल्या ‘प’सारखा आणि ‘पी’ लिहिलेला ‘फ’सारखा, दोन्ही ओठ मिटून म्हणायचा. ‘डी’चा त, ‘टी’चा थ. प-फ, त-थ, क-ख या जोड्या आपल्या तोंडात तयार आहेत. ‘चमचा’तला दंत्य च आणि ‘चिंच’मधला पहिला, तालव्य च हे दोन्हीही तिकडे उपयोगी पडतात. इंग्रजीतून शिकणारा या जागी धडपडतो. आपण बसल्या जागी पार होतो.

सूर मात्र नव्यानंच शिकावे लागतात. बहुतेक अक्षरांना चारांपैकी एक सूर असतो आणि तो बदलला की शब्द बदलतो. व्यापाऱ्यांसाठी सगळ्यांत महाग जोडी ‘माइ’ आणि ‘माइ’ ही आहे. खाली बुडून वर येणारा ‘माइ’ म्हणजे विकत घेणं. वरून धाडकन खाली येणारा ‘माइ’ म्हणजे विकणं. ‘माइ पु माइ?’ असं दुकानदारानं विचारलं आणि तुम्ही उलट्या सुरात ‘माइ’ म्हणालात, तर गिऱ्हाईक एका क्षणात विक्रेता होतं. अर्थात दुकानदार हसून समजून घेतो, कारण बॅग तुमच्या हातात असते. फोनवर तुमच्या हातातली बॅग त्याला दिसत नाही.

दोन नियम इथंच सांगून टाकते. ‘पू’ एरवी वरून खाली येतो. पण पुढचं अक्षरही तसंच पडणारं असेल तर ‘पू’ वर चढतो. ‘पूशर्’, ‘पूयाओ’, ‘पू छ्यू’ या तिन्हींत तो चढता आहे. आणि ‘छ्यू पु छ्यू’मधला मधला ‘पु’ अगदी हलका, सूर नसलेला. दुसरं: शेवटी ‘मा’ लावलात की प्रश्न झाला. आवाज चढवायची गरज नाही. मराठी सवयीनं शेवटचा शब्द वर ओढलात तर त्याचा सूर बिघडतो.

१०. ‘समजलं का?’ याला तीन उत्तरं आहेत

वर्गात, कारखान्यात, दवाखान्यात हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याला सगळ्यांत जास्त खोटी उत्तरं दिली जातात. ‘थिंग तुंग ल मा?’ म्हणजे ‘ऐकून कळलं का?’ कळलं असेल तर ‘थिंग तुंग ल’. कळलं नसेल तर दोन वाटा. ‘मेइ थिंग तुंग’ म्हणजे या वेळी कळलं नाही, पुन्हा सांगा. ‘थिंग पु तुंग’ म्हणजे कळणं शक्यच नाही. ही भाषा किंवा हा विषय माझ्या आवाक्यातला नाही.

पहिल्या नकारावर समोरचा माणूस तेच वाक्य सावकाश म्हणतो. दुसऱ्या नकारावर तो दुभाष्याला हाक मारतो किंवा बोलणं सोडून देतो. नवे विद्यार्थी सरसकट ‘थिंग पु तुंग’ म्हणतात आणि मग तक्रार करतात की चिनी लोक आमच्याशी बोलतच नाहीत. कळण्याची शक्यता दाखवायची असेल तर क्रियापद आणि परिणाम यांच्या मध्ये ‘त’ घालतात: ‘थिंग त तुंग’, म्हणजे ‘ऐकून कळतं’. पाहणं, विकत मिळणं, वेळेत पोचणं, सगळीकडे ही रचना चालते.

११. खरा नकार ‘पू’मधून येत नाही

आतापर्यंतचं व्याकरण होतं. सौद्याच्या टेबलावर ते अर्धंच पुरतं. क्वांगचौला १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठी निर्यात-जत्रा भरते, कँटन फेअर म्हणून जगभर माहीत असलेली. तिथल्या गाळ्यांमध्ये मी तोंडावर ‘पूशिंग’ फार क्वचित ऐकलं आहे. नकार येतो तो असा:

‘त्साइ श्वो पा’: पुढे बोलू. आपला ‘बघू’.

‘काइथ्येन’: पुन्हा कधीतरी. दिवस ठरवला नसेल तर तो दिवस येत नाही.

‘पू थाइ फांगप्येन’: तितकंसं सोयीचं नाही. सोय कशी करता येईल हे विचारत बसू नये. दार बंद झालेलं आहे.

‘येनच्यु येनच्यु’: अभ्यास करून पाहू. यावर चिनी लोकांचाच जुना विनोद आहे. सूर बदलला की ‘येनच्यु’चा अर्थ ‘सिगारेट आणि दारू’ होतो. तेव्हा कचेरीत साहेब ‘येनच्यु’ म्हणाले तर त्यांना नेमकं काय हवंय ते ओळखा.

‘य्वेनत्स शांग ख-ई’: तत्त्वतः चालेल. यावरही ते स्वतःच हसतात. तत्त्वतः चालेल म्हणजे बहुधा चालणार नाही, आणि तत्त्वतः चालणार नाही म्हणजे वाट काढता येईल.

मराठी उद्योजकाला हे सगळं तत्काळ ओळखता यायला हवं. लग्नाच्या बैठकीत ‘कळवतो’ म्हणणारी माणसं आपणच. तरी तिकडे गेल्यावर तो ‘अभ्यास करू’ हे आश्वासन म्हणून वहीत लिहितो. माझा सल्ला असा: अशा उत्तरानंतर ‘हो की नाही ते सांगा’ असा आग्रह धरू नका. प्रश्नाचं क्रियापद बदला. ‘या भावात देता का?’ ऐवजी ‘किती नग घेतले तर या भावात जमेल?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं. दुसऱ्याला आकडा मिळतो.

१२. जिथं छापील ‘हो-नाही’ लागतंच, ती ठिकाणं

अर्जावर किंवा संगणकाच्या पडद्यावर चौकोनात ‘शर्’ आणि ‘फोउ’ असतात. ‘फोउ’ हा जुन्या ग्रंथभाषेतला नकार. बोलताना तो एकटा येत नाही. चीनच्या राष्ट्रीय लोक काँग्रेसमध्ये मतदानाच्या बटणांवर ‘हो-नाही’ नसतं. संमती, विरोध आणि तटस्थ यांसाठी ‘त्सानछंग’, ‘फानतुएइ’ आणि ‘छीछ्वेन’ हे शब्द असतात. हजेरीला ‘ताओ’, म्हणजे ‘पोचलो’. सैन्यात हुकमाला ‘शर्!’. नव्या पद्धतीच्या लग्नात ‘तयार आहेस का?’ असं विचारल्यावर ‘वो य्वेनयी’, म्हणजे ‘माझी इच्छा आहे’. ऑफिसच्या वीचॅट गटात साहेबांच्या सूचनेला ‘शोउताओ’, म्हणजे ‘मिळालं’. ऑनलाइन वर्गात ‘आवाज येतोय का?’ याला सगळे नुसता १ टाइप करतात.

जुन्या काळी होकाराचे खास शब्द होते. ‘लीची’ या कर्मकांडाच्या प्राचीन ग्रंथात असं सांगितलं आहे की वडिलांनी हाक मारली तर रेंगाळत ‘न्वो’ म्हणू नये. चटकन ‘वेइ’ म्हणून उठावं. आज हे दोन्ही शब्द ‘वेइवेइ-न्वोन्वो’ या जोडशब्दात उरले आहेत, आणि त्याचा अर्थ आहे होयबा. नुसतं ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल त्या भाषेचं मत काय, ते यावरून कळतं.

१३. गाव बदललं की उत्तर बदलतं

पेइचिंगकडे ‘शिंग’च्या जागी ‘छंग’ ऐकू येईल. तैवानमध्ये ‘जेवलास का?’ हे ‘योउ’ लावून विचारतात आणि उत्तरही ‘योउ’ असंच येतं. पेइचिंगच्या माणसाला ते उपरं वाटतं. तैवानमध्येच तुम्ही धन्यवाद म्हणालात की समोरचा ‘पू हुएइ’ म्हणतो. तो ‘येत नाही’ असं म्हणत नसतो. ‘त्यात काय एवढं’ म्हणत असतो. क्वांगचौच्या व्यापाऱ्यांची आपापसातली भाषा कँटनी. तिथं ‘शर्’चा ‘हाइ’ होतो आणि नकाराला ओठ मिटून नुसता ‘म्’. शब्द बदलतात, पण विचारलेलं क्रियापद परत देण्याची रीत सगळीकडे टिकून आहे.

१४. सराव चिनीत नको, मराठीत करा

शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी माझ्या विद्यार्थ्यांना एक घरपाठ असतो. एक अख्खा दिवस मराठीत ‘हो’, ‘नाही’, ‘ओके’ आणि मान डोलावणं बंद. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याच क्रियापदानं उत्तर द्यायचं. ‘दूध तापवलंस?’ ‘तापवलं.’ ‘गॅस बंद केलास?’ ‘केला.’ ‘उद्या सुट्टी आहे?’ ‘आहे.’ नकाराला नाही, नव्हे, नको यांतला नेमका शब्द क्रियापदासकट वापरायचा. एकटा ‘नाही’ तोंडावर मारायचा नाही.

संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी होतात. एक, आपण दिवसभरात किती प्रश्न अर्धवट ऐकून निकालात काढतो ते कळतं. दुसरी, घरातली माणसं विचारतात की आज असं नीट उत्तर कसं काय देतोयस. एवढं जमलं की मग पहिला चिनी प्रश्न विचारते: ‘नी ह छा मा?’ ज्यानं घरपाठ केला आहे तो ‘यस’ शोधत बसत नाही. ‘ह’ म्हणतो, आणि पुढच्या प्रश्नाला तयार असतो.